स्टाफरूममध्ये मराठी कुणाला कळतं?

१२ जुलै २००६, बुधवार
मीटिंगमध्ये डायरेक्टर मधेच थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कबड्डी टीम हॅज सेव्हन प्लेयर्स. सेव्हन." विषय चालला होता विद्यार्थ्यांच्या हजेरीचा! सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी खाली मान घालून पेनचं टोपण काढ-घाल केलं.
काल दुपारी स्टाफरूममधून ताईला सांगलीला फोन केला होता. म्हटलं, आमचे साहेब आधी सिमेंट कंपनीत माणसं भरायचे, आता क्रीडा व्यवस्थापनाचे प्रमुख झालेत, आणि कबड्डीत एका बाजूला किती जण असतात ते ठाऊक नाही. म्हटलं ते मराठीत. चेन्नईत माझं मराठी कळणार कुणाला?
यापुढे इथे त्यांचं नाव लिहायचं नाही. नुसतं डी. वही कुणाच्या हाती लागली तर.

१४ जुलै, शुक्रवार
नितीन म्हणतो, "योगायोग असेल. तुला सगळीकडे अंपायर विकलेलाच दिसतो." नवऱ्याला बोलायला काय जातंय. शोळिंगनल्लूरला एसीत बसून कोड लिहायचा. त्याच्या बदल्यांपायी मी दोन नोकऱ्या सोडल्या, ही तिसरी. ऑगस्टअखेर प्रोबेशन संपतंय. कायम करायचं की नाही ते डी.च्या हातात. ही नोकरी मी सोडणार नाही, म्हणजे नाही.

१९ जुलै, बुधवार
योगायोग नव्हे. ताईच्या दिराचं लग्न २९ला. सोमवारी फोनवर तिला म्हटलं, रजा मिळणार नाही, मी आपली आजारी पडते नि येते. आज डी. जिन्यात भेटले. "मॅडम, ट्वेंटी-एट्थ अँड ट्वेंटी-नाइन्थ इंटर-कॉलेज मीट. आय होप नोबडी इज प्लॅनिंग टू फॉल सिक." आणि हसले.
स्टाफरूममध्ये आम्ही तिघंच. समोर भुवना, स्पोर्ट्स मार्केटिंग शिकवते. लहानपण चेंबूरला गेलं म्हणे! हे मला आज आठवलं. शेजारी राव सर, रिटायरमेंटला आलेले. मैदानं, स्टेडियम, पाण्याचा निचरा हा त्यांचा विषय. इतर वेळी तोंडापुढे पेपर. तेलुगू असावेत.
तेव्हा भुवनाच.

२० जुलै, गुरुवार
सापळा लावला. राव सर तासाला गेले होते. भुवना दहीभात खात होती. फोन कानाला लावला नि ताईला सांगितल्यासारखं म्हटलं, "अगं, हिच्या साडीला मागून केवढा शाईचा डाग पडलाय, सांगू की नको?" डाग कसला न् काय. बाई शांतपणे भात खात राहिली. डबा धुतला, पदर नीट करून तशीच तासाला गेली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.
कळलं असतं तर कुठल्याच बाईला हे जमलं नसतं. भुवना सुटली. मग कोण? शिपाई? फोनच कुणी ऐकतं का?

२४ जुलै, सोमवार
वर्गात रिस्क प्लॅन घेतला. स्पर्धा भरवताना काय काय बिघडू शकतं, सांगा. पाऊस, वीज, पाणी, अ‍ॅम्ब्युलन्स वेळेवर न येणं. मागच्या बाकावरचा व्हॉलीबॉलवाला म्हणाला, "मॅम, सम्बडी फ्रॉम अवर ओन टीम." ते मी फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं.
दुपारी स्टाफरूममध्ये दुसरा सापळा. राव सर नेहमीसारखे पेपरात. अशी बातमी हवी होती की जी कुणाला अंदाजानं कळणार नाही. फोन बंदच होता. त्या बंद फोनमध्ये मोठ्यानं म्हटलं, "ताई, मला दिवस गेलेत. दुसरा महिना."
तोंडातून नेमकं तेच का आलं, कळत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली. हे वाक्य मी आरशासमोरसुद्धा कधी म्हणून पाहिलेलं नाही. नंतर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

२६ जुलै, बुधवार
काखेत कळसा नि गावाला वळसा!
भुवना बाहेर गेल्यावर राव सरांनी माझ्या टेबलावर बरणी ठेवली. आवळ्याचं लोणचं. म्हणाले, "आमची बाई पाठविली. ह्या दिवसांत आंबट खावं वाटतें, की नाही?"
मी म्हटलं, "सर, तुम्ही मराठी?"
"तंजावरचे आम्ही, अम्मा. तीनशें वर्षं होऊन गेलीं."
"मग कधी बोलला नाहीत!"
"तुमी विचारलां नाहीत. तुमची मराठी फार वेगानं जाते. पण कळते सगळी."
सगळी. म्हणजे 'शेजारी एक म्हातारा बसतो, फुकटचा पगार घेतो' हे मी ताईला फोनवर म्हटलेलंही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाज एका बाजूला आणि संशय एका बाजूला. बरणी गोड बोलून आली असली तरी डी.च्या कानाला लागणारा हाच. माझं खोटं आहे हे मात्र सांगितलं नाही. आधी बघू, कुठवर जातं.

२८ जुलै, शुक्रवार
गेलं. थेट वर गेलं.
मीटचं सगळं मी उभं केलं होतं : ड्रॉ, पंच, जेवण, बसेस. सकाळी सातला डी. म्हणाले, "नो सन फॉर यू, मॅडम." शिट्टी भुवनाच्या गळ्यात, आणि मला शामियान्यात पाहुण्यांच्या बायकांशेजारी खुर्ची. कुणीतरी कोवळा नारळ आणून दिला. मी कायम होण्याचं विचारलं तर म्हणाले, "फर्स्ट फॅमिली. आफ्टर दॅट वी विल सी."
दात-ओठ खात नारळपाणी प्यायले. माझ्याच सापळ्यात माझाच पाय.

३१ जुलै, सोमवार
राव सरांना सरळ विचारलं. पेपर खाली ठेवला त्यांनी. चेहरा उतरला. "मी? त्या माणसाशीं मी गरजेपुरतें बोलतों. बाहेर कोणालाही सांगितलों नाही."
"मग कळलं कसं?"
"घरीं मात्र सांगतों. घरीं काय सांगावं नाही?"
डोळे खोटं बोलत नव्हते. की बोलत होते? मला आता कुणाचेच डोळे वाचता येत नाहीत.

४ ऑगस्ट, शुक्रवार
श्रावणातला शुक्रवार, जिवतीचा. आईनं फोनवर जिवतीचं नाव काढलं नाही, दरवर्षीसारखं.
संध्याकाळी दार वाजलं. राव सर खाली रिक्षात बसलेले, वर त्यांची बायको एकटी आलेली. नऊवारी नव्हे, कांजीवरम, पण कुंकू आमच्या आजीसारखं आडवं. हातात ताट. खणाऐवजी ब्लाउजपीस, तांदूळ, नारळ. पाणी प्यायल्या नि बोलायला लागल्या त्या थांबेचनात. सकाळी पार्कात चालायला जातात, सोबत डी.ची बायको. "फार चांगली बाई. तिला सगळं सांगतें मी. कबड्डीचं सांगितलें तेव्हां किती हंसली! नवऱ्याला जाऊन सांगितली असेल."
म्हणजे हे असं. स्टाफरूममधून रावांच्या घरी, तिथून पार्कात, पार्कातून डी.च्या डायनिंग टेबलावर. कुणाच्या पोटात पाप नाही. मी तीन आठवडे पोलिसगिरी करत होते.
आणि लगेच सुचलं : आत्ता हिला खरं सांगितलं की उद्या सकाळी ते पार्कात पोचतं. सोमवारी डी.ना कळतं. कायमचा कागद परत रांगेला लागतो. एक वाक्य पुरे. फार तर खोटारडी ठरेन.
तोंड उघडलं तोवर त्या म्हणाल्या, "मागल्या सालीं तुमी फोनवर रडलांत, अक्काजवळ. त्या दिवशीं हे घरीं येऊन जेवले नाहींत. मला म्हटले, त्या पोरीसाठीं देवीला नवस बोल. मी बोललें." आणि ताट उचलून समोर उभ्या राहिल्या.
मी पदर पुढे केला.

५ ऑगस्ट, शनिवार
आज राव बाई पार्कात गेल्या असतील.
सकाळी नितीननं ओट्यावरचा कालचा नारळ हातात घेऊन हलवून पाहिला. "पाणी आहे भरपूर. फोडू? चटणी करू."
मी म्हटलं, नको.
"का गं?"
त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही.