धरमसिंगच्या घरचा कडू घास

फुलसावंगी,
९ डिसेंबर २०२४

चि. रवी,
पोरा, तिकडच्या बर्फात पाय कोरडे ठेवत जा. इकडे कापसाची वेचणी चालू आहे, तुरीला फुलोरा बरा आहे. तुझी नलूकाकू गुडघ्यांना शिव्या देत का होईना, चालती-फिरती आहे. वाचनालयातली निकिता या पत्राचा फोटो तुला पाठवील. फोन केला असता, पण तुझ्या आईसमोर हे बोलवत नाही.

तू विचारलंस, काका, पोलिसाला काय सांगू? मारेकने तुला त्या गोदामात कामाला लावलं, तापात सूप करून पाजलं. आणि त्याच मारेकने, तुमच्यासोबत काम करणारा आर्काडी जेवता जेवता फोनवर आपल्या मायशी रशियन बोलत होता म्हणून, लोखंडी सळईने त्याचं डोकं फोडलं. रक्त तुझ्या ताटात उडालं. आर्काडी अजून शुद्धीवर नाही. आणि मारेक जेलातून निरोप धाडतो, रशियनानेच आधी सुरा काढला असं सांग.

मारेकचा राग मला कळतो, बरं का. मी सातवी शिकलेला, पण तू पोलंडला गेलास तेव्हापासून मिळेल ते वाचतो. रशियाने दुसऱ्या दोघा शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांचा देशच वाटून खाल्ला, सव्वाशे वर्षं नकाशातून पुसला. मग मोठ्या लढाईत पश्चिमेकडून जर्मन शिरला, अन् मागोमाग पूर्वेकडून रशियन. कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांना मानेत गोळ्या घालून खड्ड्यात रचलं. मारेकचा पणजा त्यातलाच, असं तूच लिहिलंस. रशिया मात्र पन्नास वर्षं म्हणत राहिला, आम्ही नाही, जर्मनांनी मारलं. मारलं ते मारलं, पण या 'नाही'ने पोरानातवंडांच्या पोटात विस्तव ठेवला. पोलंडवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. चारशे वर्षांपूर्वी त्यांनीही मॉस्कोत घुसून शहर जाळलं होतं. दोन शेतांमधल्या धुऱ्यासारखंच हे. यंदा याने वीतभर कोरायचा, पुढच्या साली त्याने.

धुऱ्यावरून आठवलं. आठवलं कसलं, इथेच यायचं होतं.

आपले शेजारी धरमसिंग राठोड गेले. त्यांच्या खांद्यावर बसून तू बैलपोळा पाहायचास.

दिवाळीनंतर नांगरताना ट्रॅक्टरने धुरा कापला गेला. त्यावरून बाचाबाची झाली. धरमसिंग म्हणाले, "जाऊ दे भाऊ, मोजणीवाला बोलावू." आणि घराकडे वळले. मागून मानेवर कुऱ्हाड बसली. पडल्यावरही घाव थांबले नाहीत.

आई तुला सांगते ना, की बाबा दवाखान्यात भरती आहेत? उकंडा दवाखान्यात नाही, बाळा. जेलात आहे. कुऱ्हाड तुझ्या बापाची होती. मी अलीकडच्या ओळीत कापूस वेचत होतो. मी पाहिलं.

भावकीची बैठक बसली. ठरलं, "कोनंच काई पाह्यलं नाई. धरमसिंगनंच आंदी विळा उगारला." तुझ्या मारेकचंच बोलणं, फक्त आपल्या बोलीत.

आपल्या गल्लीची रीत तुला ठाऊक आहे. मयताच्या घरी चूल पेटत नाही, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातून कडू घास जातो. धरमसिंगच्या भिंतीला लागून आपलंच घर. तुझ्या आईने दार लावून घेतलं. नलू भाकरी-वरण टोपलीत घेऊन उठली.

मी म्हटलं, "अवं, मारतीन ते."

"मारू द्या. मले काय चिनीमातीची समजून राह्यले? लेकरं उपाशी असतीन तिथं."

धरमसिंगच्या पोराने, लालसिंगने, टोपली लाथाडली. भाकरी नालीत पडल्या. माझी गचांडी धरून त्याने मला भिंतीवर आपटलं, ओठ फाटला. "तुमच्या रव्याले येऊ द्या पोलंडहून, त्यालेबी असाच तोडतो!" म्हणून ओरडला. त्याच्या मायने, बिजलीबाईने, त्याला मागे ओढलं. मग मला विचारलं,

"भाऊजी, तुमी वावरात होते?"

"होतो."

"पाह्यलं?"

सगळी गल्ली दारात उभी होती. मी म्हटलं, "पाह्यलं. उकंड्यानं मारलं. मागून मारलं."

बिजलीबाई खाली बसली. नालीच्या काठावरची एक भाकर उचलली, पदराला पुसली आणि तुकडा तोंडात टाकला. "मंग साहेबासमोरबी असंच सांगजा," म्हणाली. लालसिंग तिथेच फतकल मारून रडला.

उद्या महागावच्या कोर्टात माझी जबानी आहे. घर पेटवून देऊ, असा भावकीचा निरोप आला आहे. उकंडा माझा धाकटा भाऊ. मी त्याला कडेवर वाढवलं, पण जे पाहिलं ते सांगणार. मीही 'नाही पाहिलं' म्हटलं, तर लालसिंग तुला सोडणार नाही, आणि पुढे तुझी पोरं त्याच्या पोरांना.

मारेकला जेलात भेटायला जा. त्याच्यासाठी सूप घेऊन जा. तो तुझा दोस्त आहे, त्याला टाकू नकोस. पण पोलिसाला सळई कोणाच्या हातात होती तेच सांग. आर्काडीची माय फोनवर ऐकत होती, रवी.

उत्तरात शिवी आली तरी चालेल. गप्प मात्र बसू नकोस.

उद्यानंतरही तू मानशील तर तुझा काका,
भगवानराव