गरम डावीकडे, गार उजवीकडे

३ फेब्रुवारी, मंगळवार
वरच्या शॉवरचा गळका कार्ट्रिज, म्हणजे नॉबमागची गरम-गार मिसळणारी नळी, स्वतः बदलला. प्लंबर नाही, काही नाही. बायकोला, मार्लिसला दाखवलं. ती म्हणाली, वा!

४ फेब्रुवारी
नॉब गरमकडे फिरवला की बर्फ, गारकडे फिरवला की उकळतं. किरकोळ आहे. मार्लिस खाली आंघोळ करते, तिला सांगायलाच नको. रविवारी नक्की.

८ फेब्रुवारी, रविवार
उणे बावीस. अशा थंडीत दुरुस्तीसाठी पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करणं वेडेपणा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. आर्डिस, वय एक्याऐंशी. रिकामी वरचीच खोली होती, ती दिली. शॉवरचं सांगणार होतो, विषयच निघाला नाही.

१२ फेब्रुवारी
सासूबाईंच्या खांद्यावर लाल चट्टा. म्हणाल्या, माझंच चुकलं, नळ उलटा फिरवला. मी म्हटलं, होतं असं. (खोटं बोललो नाही. होतंच.)

१५ फेब्रुवारी
पुन्हा भाजलं. मार्लिस स्वयंपाकघरात हळूच मला म्हणाली, आईला विसरायला होतंय रे. सांगणार होतो, पण तोंडात बटाट्याच्या हॉटडिशचा मोठा घास होता. उद्या गुपचूप दुरुस्त केलं की प्रश्नच मिटला.

१६ फेब्रुवारी
स्क्रूची खाच झिजली. हल्ली स्क्रूच बेकार येतात.

१८ फेब्रुवारी
सासूबाईंनी गाडीच्या किल्ल्या मार्लिसकडे दिल्या. म्हणाल्या, मला डावं-उजवं कळेनासं झालंय, रस्त्यात कुणाला उडवायला नको. मी बाहेर बर्फ उपसायला गेलो. एकच वाट दोनदा उपसली.

२३ फेब्रुवारी, सोमवार
मेंदूच्या डॉक्टरकडे. फॉर्मवर 'अलीकडे झालेला गोंधळ' असा रकाना. मार्लिसने 'शॉवर' एवढं लिहिलं आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. तिचं पेन थांबलं. सासूबाईंनी विचारलं, म्हणजे माझं डोकं जागेवर आहे? हो म्हटलं. त्या रडल्या. मग माझा हात धरून थँक्यू म्हणाल्या. मला! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ फेब्रुवारी
प्लंबर आला, लीफ नावाचा. कार्ट्रिज काढला, अर्धा फिरवून परत बसवला. नऊ मिनिटं. मार्लिस अजून बोलत नाही. लीफने हसत विचारलं, हा उलटा कोणी बसवला? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, आधीच्या मालकाने असेल.
या घरात आम्ही सव्वीस वर्षं राहतोय.
मी मान डोलावली.