वरचे गृहस्थ खुनी नाहीत, हीच पंचाईत

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात घातला असं समज). तुझे गुडघे आता बरे असतील. वहिनीला सांग, रक्तदाबाच्या बाबतीत मी तिला मागे टाकलंय.

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ तुला ठाऊकच आहेत. भर दुपारी भिंतीत खिळे ठोकणारे, कुंड्यांचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सोडणारे, आणि वर "तुमची दोरीच चुकीच्या जागी आहे" असं ऐकवणारे. त्यांच्या भागीदाराचा खून झाला आणि पोलिसांनी ह्यांना धरलं. आता खून झाला त्या वेळी हे माझ्या दवाखान्यात आ वासून बसले होते आणि मी त्यांची दाढ कोरत होते, हे सांगणारी मी एकटीच. (मदतनीस बाई नेमकी रजेवर.) गप्प बसावं तर माणूस फुकट जन्मठेपेला जातो. म्हणून गेले बापडी साक्षीला.

तर सरकारी वकील माझ्यावरच घसरले. ह्यांना वाचवण्यात तुमचा हेतू काय, म्हणे! शेजारधर्म? मी म्हटलं, कसला शेजारधर्म, मला त्यांचं तोंडसुद्धा बघवत नाही. (दातांच्या डॉक्टरनं असं म्हणू नये. अख्खं कोर्ट हसलं.) मग म्हणे, दाढेचं काम अर्धवट आहे, पेशंट तुरुंगात गेला तर तुमचं गिऱ्हाईक जाईल. माझं डोकंच फिरलं. खिळ्यांपासून कुंड्यांपर्यंत सगळा पाढा वाचला. त्यावर आरोपी स्वतः उठले आणि न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, दोरी चुकीच्या जागीच आहे." ज्याच्यासाठी केली चोरी तोच म्हणतो चोर! (आणि ही म्हण कोर्टात उच्चारायचीही सोय नाही.) उलटतपासणी अर्धीच झालीय, सोमवारी पुन्हा बोलावलंय.

तुझी,
धाकटी

ता. क. – तुझ्या भाचीनं काल जेवताना सांगितलं, की ती वरच्यांच्या मुलाशी लग्न करणार आहे. वर्षभर चाललंय म्हणे. मलाच तेवढं माहीत नव्हतं. सोमवारी वकिलांनी नात्याचं विचारलं तर शपथेवर खोटं बोलवणार नाही, आणि खरं सांगितलं तर साक्षीची माती. तेव्हा रविवारीच ये आणि तिची समजूत घाल. मामाचं ती ऐकते.

पुन्हा ता. क. – समजूत राहू दे, पोरगी फार खुशीत आहे. त्यापेक्षा सोमवारी कोर्टातच ये आणि न्यायाधीशांना एवढंच सांग, की हा माणूस सुटला तर मरेपर्यंत मला विहीणबाई म्हणणार आहे, आणि तरीही मी त्याला सोडवतेय. ह्यात माझा फायदा कुठे आहे, तो आता वकिलांनीच शोधून दाखवावा.