पाकिटाने मागितलेला उखाणा

संक्रांतीनंतरचा मंगळवार, नाशिक

आईचा आवाज! तोही ऑफिसात, हेडफोनमध्ये, आमच्याच जाहिरातीच्या रेकॉर्डिंगमध्ये.

हळदीकुंकवाच्या दिवसांसाठी आम्ही मसाल्याच्या पाकिटावर कोड छापला. मोबाइलने स्कॅन केला की यंत्रातली बाई लाडाने म्हणते, "लाजू नका, घ्या नाव!" मग आपण उखाणा घ्यायचा, तिने दाद द्यायची. ते वाक्य माझंच. पाकीट विधवेच्याही हातात पडेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही? तिला कुणी नाव घ्यायला सांगत नाही. शुक्रवारी माझ्याच हळदीकुंकवाला आई आत तिळगुळाच्या वाट्या भरत बसली होती. यंत्राला हे कुठे माहीत?

आज चांगले उखाणे निवडायला बसले, आणि सिन्नरहून चक्क आई:

"एकलहऱ्याची चिमणी दिसते दुरून,
भास्कररावांचं नाव घेते डबा भरून."

बाबा तिथल्याच वीजकेंद्रात होते. ते गेल्यापासून त्यांचं नाव तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता रडेल. ती तर हसली! यंत्र म्हणालं, "वा! अजून एक?" तिने अजून एक घेतला.

घरी आल्या आल्या फोन केला. "आई, त्या पाकिटाने तुला नाव घ्यायला लावलं... चुकलंच गं आमचं."

"लाजू नका म्हणाली ती," आई म्हणाली. "चुकलं कशाचं? इतक्या वर्षांत तिनंच तर विचारलं मला."