उजवे फुप्फुस काढण्याआधी

मी, सुषमा रामनाथ सावे, वय ५९, राहणार कैनाड, तालुका डहाणू, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वतःच्या मनाने करत आहे. मन ठिकाणावर आहे, फक्त भेदरले आहे.

माझ्या उजव्या फुप्फुसात कॅन्सर आहे. केमोने गाठ लहान झाली, पण ती मोठ्या श्वासनळीला चिकटली आहे. म्हणून येत्या सोमवारी ते अख्खे फुप्फुस काढणार. डॉक्टरांनी काही लपवले नाही. केमोनंतर जखम उशिरा भरते, शिवलेली नळी उसवू शकते, उरलेल्या फुप्फुसात पाणी भरू शकते, आणि उजव्या बाजूला धोका जास्त. मी विचारले, "नाही काढलं तर?"

"गाठ पुन्हा वाढेल. तेव्हा काढून घ्यायची ताकद तुमच्यात नसेल."

१. घर व चिकूची वाडी मुलगा पीयूष याला. वाडीच्या कडेला आमच्याकडे कामाला असलेल्या जानीची झोपडी आहे, ती जागा मात्र जानीच्या नावे करावी. केमोच्या दिवसांत माझ्या उलट्या तिने काढल्या. सख्ख्या जावेने उंबरठा ओलांडला नाही.

२. पाटल्या सून ऋचा हिला. तिने त्या मोडून नव्या घडवल्या तरी चालेल.

३. दीर नविन यांना काही नाही. माझ्या आजारपणात त्यांनी सामाईक विहिरीची मोटर बंद ठेवली, नवी कलमे वाळली. तरी त्यांचे पाणी कोणी तोडू नये.

४. व्हेंटिलेटरवर गेले आणि डॉक्टरांनी आशा सोडली, तर मला तसेच ठेवू नये. वकील म्हणाले, याचा कागद वेगळा असतो. तो केला आहे, तरी इथेही लिहिते. तोंडात नळी, मी जागी, आणि बोलता येत नाही, याच विचाराने झोप उडते.

५. पीयूष ऑपरेशनला तयार नव्हता. "आई, राहू दे. आहे तेवढं घरी राहा," म्हणाला आणि रडला. पण माझे यजमान दम्याने गेले. शेवटी ते खाटेवर बसूनच झोपायचे, आडवे झाले की गुदमरायचे. ते मी पाहिले आहे. म्हणून संमतीवर मीच सही केली. मी परत आले नाही, तर मुलाने आईला नेऊन मारले असे कोणी म्हणू नये. म्हटले, तर हे कलम त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावे.

खालची सही वेडीवाकडी आली आहे. ती दोन्ही साक्षीदारांसमोर केली आहे. सही माझीच आहे.

सुषमा रामनाथ सावे

साक्षीदार: योगिता चुरी, शेजारी
मिथुन धोडी, शिक्षक

डहाणू, ६ फेब्रुवारी २०२५