फर्गसची उजवी टाच

३ जुलै, सोमवार

चौदा! जखमींच्या फळ्यावर जागा उरली नाही म्हणून आमच्या फिजिओने, हेलेनाने, शेवटची दोन नावं कडेला उभी लिहिली. गुडघे चार, मांडीमागचे स्नायू पाच, खांदे दोन, एक जबडा, एक पोटरी, आणि एकाला चक्क गालगुंड. एकूण पोरं चव्वेचाळीस, त्यातले चौदा बाद. शनिवारी मैदानावर उतरवायला लागतात तेवीस.

ब्रॅनिगन फळ्यासमोर उभा राहून बोटांवर मोजत होता. मुख्य प्रशिक्षक झाल्यापासून दोन वर्षांत त्याचे केस निम्मे पांढरे झालेत. मला म्हणाला, "थेल्मा, तुझे गुडघे कसे आहेत गं?"

"तुझ्या अर्ध्या पोरांपेक्षा बरे!"

सगळे हसले. तो नाही हसला. बहुतेक खरंच विचारत होता.

बावीस वर्षं या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या क्लबात पोरांच्या पायांना पट्ट्या बांधतेय. एवढा भरलेला फळा पाहिला नव्हता.

४ जुलै, मंगळवार

पंधरा. एक पोरगा धुण्याची टोपली घेऊन घरातल्या जिन्यावरून घसरला — मनगट! घरी नवऱ्याला, नॉर्मला, सांगितलं तर चहाचा घोट नाकातून आला त्याच्या. म्हणाला, "अडतीस वर्षं मी उगाच धुणं टाळत नाही."

८ जुलै, शनिवार

हरलो. एकसष्ट गुणांनी. माझं वय तेवढं.

फळ्यावर आणखी दोन. चौथ्या सत्रात धावणारं कुणी उरलंच नव्हतं, पोरं नुसती चालत होती. वाईट वाटत होतं बघायला.

फर्गस आजही राखीव. म्हणजे काय, तर कुणी ऐनवेळी आजारी पडलं तर असावा म्हणून बरोबर यायचं, सगळ्यांसारख्या पट्ट्या बांधून घ्यायच्या, अंग गरम करायचं, आणि बाकीचे मैदानात धावत गेले की आपण टाय घालून वर प्रेक्षकांत जाऊन बसायचं. पाच वर्षं हेच. दोनदा नंबर लागता लागता राहिला — एकदा घोटा, एकदा बरगडी. मुख्य संघातून एक सामना नाही. सव्वीस पूर्ण झाले त्याला.

आपल्या पट्ट्या तो स्वतःच सोडवतो. आज गोळा करून माझ्या डब्यात टाकल्या आणि म्हणाला, "तुझी मेहनत वाया घालवली, थेल."

दर वेळी म्हणतो.

१२ जुलै, बुधवार

पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट गाडीतून कोण उतरवतं? फर्गस. नॉर्मच्या खुब्याची चौकशी कोण करतं? फर्गस. ज्यांना दर आठवड्याला खेळायला मिळतं त्यांना नॉर्म म्हणून कुणी आहे हेही ठाऊक नाही. त्यांचा दोष नाही. त्यांच्या डोक्यात शनिवार असतो.

टास्मानियाच्या टोकाचा पोरगा. घरी गाई. आई रोवीना आणि धाकटा भाऊ मिळून गोठा बघतात. वडील तो शाळेत असतानाच गेले. मी विचारलं, "आठवण येते का घरची?" म्हणाला, "गाईंची येते. आई रोज फोन करते, तिची यायला वेळच मिळत नाही!"

१५ जुलै, शनिवार

पुन्हा हरलो. अठरा झाले. नॉर्म रेडिओ बंद करून म्हणाला, "तुम्ही आता प्रेक्षकांतून उचला."

२० जुलै, गुरुवार

मिळालं त्याला! मिळालं!

ब्रॅनिगनने बैठकीत शेवटचं नाव वाचलं — फर्गस. मी बाहेर टॉवेल मोजत होते. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग अशी आरोळी उठली की मला वाटलं छत आलं खाली. नव्वद-नव्वद किलोंची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून रडत होती. जखमी सुद्धा. कुबडीवाला एका पायावर नाचत होता, हेलेना त्याला ओरडत होती — "पाय! पाय खाली टेकू नकोस, मूर्खा!" — आणि स्वतः डोळे पुसत होती.

फर्गस नंतर माझ्या टेबलावर येऊन बसला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला फक्त.

त्याची आई बोटीने येतेय. उद्या संध्याकाळी टास्मानियातल्या डेव्हनपोर्टहून निघेल.

२१ जुलै, शुक्रवार

हे लिहायचं की नाही ठरत नव्हतं. पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

सकाळच्या हलक्या सरावाआधी पट्ट्या बांधत होते. फर्गसचा उजवा पाय मांडीवर घेतला. टाचेमागची जाड शीर दोन बोटांत धरली आणि थांबले. सुजलेली. गरम. अंगठा हलकेच फिरवला तर आत चरचर लागली — बारीक वाळू असावी तशी.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"फर्गस!"

खाली बघून म्हणाला, "पंधरा दिवस. सकाळी दुखतं. धावायला लागलं की मोकळं होतं."

"हेलेनाला सांगायला हवं."

त्याने माझं मनगट धरलं. जोरात नाही. पाखरू धरावं तसं. "थेल, आई येतेय. सात वर्षांत पहिल्यांदा गोठा सोडून निघालीय. फक्त उद्याचा दिवस. रविवारी मी आपल्या पायाने हेलेनाकडे जातो, शप्पथ."

"आणि तुटली तर?"

"तुटली तर तुटली."

तेवढ्यात हेलेना आली. क्लबात डॉक्टरांच्या खालोखाल तिचा शब्द. हातात यादी. "थेल, सगळं ठीक?"

एवढं सोपं होतं. तिने विचारलं होतं. मला फक्त उत्तर द्यायचं होतं.

"ठीक," म्हटलं.

तिने त्याच्या नावापुढे खूण केली आणि गेली.

हिशोब केला मी मनात — इतकी पोरं पडलीत, म्हणजे याला अजून तीन-चार सामने मिळतील. त्यात चमकला तर पुढच्या वर्षाचा करार पक्का. एका दुखऱ्या टाचेपायी ते घालवायचं? पाच वर्षं थांबलाय पोरगा!

टाच उचलून धरेल अशी पट्टी बांधलीय. माझ्या हातून याहून चांगली कधी बांधली गेली नसेल.

२२ जुलै, शनिवार

पहिला सामना खेळणाऱ्याला त्याची जर्सी घरचं माणूस देतं, अशी आमच्याकडे रीत. रोवीना खोलीत आली. बुटकी बाई, अंगावर नवा कोट, हात माझ्याहून खरखरीत. सगळी पोरं गोल करून उभी. तिने खिशातून कागद काढला, दोनदा घसा साफ केला, कागद परत खिशात घातला आणि जर्सी पुढे केली. "हं. घे," म्हणाली. एवढंच. ब्रॅनिगनने तोंड भिंतीकडे केलं.

काय खेळला! कडेने नुसता वाऱ्यासारखा. दुसऱ्या सत्रात चेंडू त्याच्या हातात, समोर दोन खांब, पस्तीस मीटर. मला बघवेना. गर्जना झाली तेव्हा डोळे उघडले — अख्ख्या मैदानातून आमची पोरं त्याच्याकडे धावत होती. अगदी मागच्या टोकाचे बचाववाले सुद्धा! सतरा जण अंगावर. पहिला गोल. वर रोवीना उभी होती, दोन्ही हात डोक्यावर.

तिसऱ्या सत्रात, सात मिनिटं झाली होती. आसपास कुणी नव्हतं. तो वळला, पाऊल टाकलं आणि कोसळला. पडल्या पडल्या मागे वळून बघत होता — कुणी लाथ मारली ते. मागे कुणीच नव्हतं.

मी पोचले तेव्हा हेलेना पोटरी दाबून बघत होती. पाऊल हलत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही — नेहमीसारखं, पट्टी कापायला कात्री हवी म्हणून. मी कात्री दिली.

नऊ गुणांनी जिंकलो. सहा आठवड्यांनंतर! पोरांनी त्याला खुर्चीसकट उचलून रिंगणाच्या मध्ये ठेवलं, क्लबाचं गाणं म्हटलं, सरबताच्या बाटल्या त्याच्या डोक्यावर रिकाम्या केल्या. पायात आधाराचा मोठा बूट, केसांतून पिवळं पाणी गळतंय, आणि तो गळा फाडून गातोय.

मला गाण्याचे शब्द आठवले नाहीत.

२३ जुलै, रविवार

शीर पूर्ण तुटली आहे. बरी व्हायला दहा महिने. कदाचित बारा.

२४ जुलै, सोमवार

हेलेनाला सांगितलं. दार लावून, उभ्या उभ्या. "मला शुक्रवारीच कळलं होतं. तू विचारलंस आणि मी खोटं बोलले."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिली. मग म्हणाली, "थेल, चव्वेचाळीस पोरं. सगळ्यांचे पाय रोज हातात घ्यायला मला वेळ होत नाही. तुला विचारते, आणि तू ठीक म्हणालीस की मी पुढे जाते. बावीस वर्षं — माझ्या आधीचेही असेच पुढे गेले."

"माहीत आहे."

"मग का?"

"बिचाऱ्याची आई येत होती गं."

तिने डोळे मिटले. म्हणाली, "दोन आठवडे घरी बस. वर मी बोलते." मी दारापर्यंत गेले तर मागून म्हणाली, "आणि परत ये. कळलं?"

घरी नॉर्मने बटाटे सोलायला घेतले. मी रडत होते आणि तो सोलत होता, चार माणसांना पुरतील एवढे सोलून ठेवले.

२७ जुलै, गुरुवार

शस्त्रक्रिया नीट झाली. भोपळ्याचं सूप घेऊन गेले. रोवीना अजून आहे. पलंगाशी बसून त्याच्या मोज्याला रफू करत होती, जणू मोजेच फाटलेत काय ते.

म्हटलं, "फर्गस, मी चुकले. मी तुझं ऐकायला नको होतं."

"मी ऐकवलं म्हणून ऐकलंस."

"मी एकसष्टची आहे, तू सव्वीसचा. अक्कल मला हवी होती."

हसला. "थेल, चौदा वेळा चेंडू माझ्याकडे आला. चौदा! आणि गोल बघितलास ना?"

"डोळे मिटले होते."

"काय? आई, ऐकलंस? हिने बघितलाच नाही!" रोवीनाने फोन काढून मला तो गोल सलग तीनदा दाखवला. तिघंही हसत होतो. पायऱ्यांवर येऊन मी पुन्हा रडले. पुढचं वर्ष गेलं त्याचं. आणि ते मी घालवलं.

८ ऑगस्ट, मंगळवार

कामावर परत. आता जे हाताला लागेल ते सांगते — कुठे सूज, कुठे ताठरपणा, सगळं. एक जण आज म्हणाला, "थेल, तुझ्या टेबलावर येण्यापेक्षा पोलीस चौकी बरी!" म्हटलं, "चौकीत पट्टी कोण बांधेल?" आडवा पडला.

फळ्यावर तेरा.

२६ ऑगस्ट, शनिवार

मोसम संपला. अठरा संघांत चौदावे. फर्गस कुबड्यांवर आला होता, पोरांच्या बाटल्या भरत बसला होता. जुन्या सवयी!

पट्टी बांधताना माझा अंगठा प्रत्येक टाचेमागे जरा जास्तच वेळ थांबतो. पोरांच्या लक्षात आलंय.

११ ऑक्टोबर, बुधवार

क्लबाने करार न वाढवलेल्यांची नावं लावली. चार जण. तिसरं नाव फर्गस.

माहीत होतं. तुटक्या टाचेच्या, सत्तावीसला आलेल्या पोराला कोण ठेवतं? तरी ते नाव दोनदा वाचलं. तीन-चार सामने मिळाले असते. वेळेवर विश्रांती मिळाली असती तर ऑगस्टमध्ये मिळाले असते. माझ्या एका शब्दाने गेले.

नॉर्म म्हणाला, "तो तुझ्यावर रागावलाय का?" म्हटलं, नाही. "मग तू स्वतःवर किती दिवस रागावणार आहेस?"



१४ ऑक्टोबर, शनिवार

रोवीनाचा फोन. फर्गस घरी पोचला, कुबड्या सुटल्या, गोठ्यात लंगडत फिरतोय. मी पुन्हा माफी मागायला लागले — पुढच्या वर्षाचं, कराराचं. ती मध्येच म्हणाली, "थांब थेल्मा. तुला त्याने सांगितलंच नाही?"

त्या सामन्याच्याच आठवड्यात, सोमवारी, क्लबाने त्याला वर बोलावून सांगितलं होतं — पुढच्या वर्षी तुला जागा नाही. ऑक्टोबरपर्यंत बाहेर बोलायचं नव्हतं. मंगळवारी त्याने आईला फोन केला. ती ते शब्द अजून जसेच्या तसे म्हणते.

"पोरं कमी पडलीत, आई, शनिवारी मला घेतील असं वाटतंय. पायात एकच सामना उरलाय. बघायला ये."