अदानच्या विधवेला हजर करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
युद्धविधवा साहाय्य समिती,
सान बेनान्सिओ, मोरासान प्रांत, एल साल्वादोर

विषय : अदान यांच्या विधवेला मंजूर झालेला मका व छताचे पत्रे मला, म्हणजे त्याच विधवेला, मिळण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ४ मे १९९२ चे पत्र.

महोदय,

१. लढाई थांबल्यावर तिसऱ्या दिवशी डोंगरावरून दोघे जण माझ्या दारात आले. "काका, अदानला डिसेंबरातच लढाईत मरण आलं," एवढेच म्हणाले. कोणी अनोळखी अदान असेल समजून मी हळहळलो, त्यांना कॉफी दिली आणि विचारले, "आणि माझी फिदेलिना कधी उतरतेय?" दोघांनी कप खाली ठेवले. डोंगरावरच्या बंडखोरांत खरे नाव कोणी सांगत नसे. माझ्या बायकोने आपल्या मारल्या गेलेल्या भावाचे, अदानचे, नाव घेतले होते. ते तिने मलाही सांगितले नव्हते. शिस्त म्हणून ते योग्यच होते.

२. मृतांच्या यादीत माझ्या पत्त्यावर हे पुरुषाचे नाव वाचून समितीने लगेच विधवेला मदत मंजूर केली आणि तसे पत्र माझ्या घरी पाठवले. या तत्परतेबद्दल आभारी आहे.

३. पत्र घेऊन मी तीनदा आलो. पहिल्यांदा सांगण्यात आले, विधवेला हजर करा. दुसऱ्यांदा, विधवा बाईच असावी लागते. हे नियमात कुठे लिहिले आहे असे विचारल्यावर कळले की ते लिहावे लागेल असे कोणाला वाटलेच नव्हते. तिसऱ्यांदा कळले की फिदेलिना चिकास जन्मनोंदणीत जिवंत आहे, त्यामुळे मी विधुरही नाही. बायको नांदत नसल्यास तक्रार शेजारच्या खिडकीत द्यावी, अशीही माहिती मिळाली.

४. आपल्या कारकून त्रान्सितोबाई मनाने चांगल्या आहेत. त्या हळूच म्हणाल्या, "डॉन मार्सिआल, मेहुणीला काळी शाल पांघरून पाठवा. अंगठा उठवील, पत्रे नेईल. कोण बघतंय?" मेहुणी तयार होती. तिने शालही मागून आणली. मी नको म्हटले. माझी बायको दुसऱ्याच्या नावाने लढली, दुसऱ्याच्या नावाने मेली. आता तिची विधवाही दुसरीच कोणी असावी, हे मला जमणार नाही.

५. माझा पाय लंगडा असल्याने घरी मी राहिलो. दोन मुलींच्या वेण्या घातल्या, तोर्तिया थापल्या, वाट पाहिली. विधवेचे याहून काही काम असल्यास कळवावे. शाल सक्तीची असल्यास तिची लांबीही कळवावी. मी पांघरून येईन.

पेरणी तोंडावर आली आहे. बियाण्याचा मका आम्ही खाल्ला. घरावर पत्र्यांऐवजी प्लास्टिक आहे, ते एका बाजूने फाटले आहे.

आपल्याच यादीप्रमाणे विधवा,
मार्सिआल विहिल
दि. १८ मे १९९२

सोबत :
१) आपले मंजुरीपत्र.
२) लग्नाचा दाखला.
३) फिदेलिनाच्या मृत्यूचा दाखला. हा अजून कोणी दिलेला नाही.